चिबड जमिनीवर राखेचा भराव : तेवीस महिन्यांची हकिकत

२ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी जुन्या रस्त्याच्या कडेला जेसीबीनं खड्डा घेतला आणि तीन फुटांवर पाणी लागलं. नदी तळाला गेलेली, ओढा कोरडा, आणि तरी खड्ड्यात पाणी. बकेटला चिकटलेली काळी माती ऑपरेटरनं फावड्यानं खरवडून काढली. अण्णा, म्हणजे माझे वडील, काठावर उभे होते. "चिबडच हाय सगळं. मुरूम वतायचा, दुसरं काय करनार?" एवढंच म्हणाले.

अण्णांनी तीस वर्षं शासकीय कामं केली. कंत्राटदाराची नोंदणी आता माझ्या नावावर आहे. हे काम हरिपूरच्या संगमापासून वर, वारणाकाठच्या एका गावाचं. तिथला ओढ्यावरचा जुना ठेंगणा पूल २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडाला होता, म्हणून नवा पूल सव्वा मीटरहून जरा जास्तच उंच धरला होता. पूल दुसऱ्या एजन्सीकडं. आमच्याकडं दोन्ही बाजूंचा जोडरस्ता, १८० मीटर, ६२ लाखांचं काम. ९ जानेवारीला कार्यारंभ आदेश मिळाला. पूल व्हायला वर्षभर लागणार होतं, म्हणून हातात वेळ होता. तो नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

या पट्ट्यात उसाला पाटानं पाणी देऊन देऊन जमिनी चिबडल्यात, म्हणजे आतून पाण्यानं भरून राहिल्यात. कुठं चोपण, म्हणजे क्षारानं घट्ट झालेली जमीन, कुठं वर पांढरं मीठ फुटलंय. वरचा हातभर थर वाळला की टणक लागतो, पण खाली लोण्यासारखी माती असते. जुन्या रस्त्यावर पुलाच्या तोंडाशी दरवर्षी खचायचं. दुधाच्या गाडीचे कॅन आदळायचे, उसाच्या ट्रॉल्या कलंडायच्या. दिवाळीनंतर कुणीतरी चार ट्रॉल्या मुरूम टाकून खड्डा भरायचा. त्यात तीन वेळा आमचाच मुरूम होता.

इंजिनिअरिंगला असताना मातीच्या विषयात शिकलेलं मला त्या खड्ड्याशी आठवलं. पूल खडकावर टेकलेला असतो, तो हलत नाही. भराव मऊ मातीवर असतो, तो खाली जातो. खाली गेला म्हणून वर मुरूम टाकला, की वजन वाढतं आणि तो आणखी खाली जातो. दरवर्षी दुरुस्ती म्हणून टाकलेला मुरूमच रस्ता खचवत होता. आता तर भराव उंच होणार होता. निविदेप्रमाणे सगळा मुरूम टाकला असता, तर दोष दायित्वाच्या काळात, म्हणजे बिघाड कंत्राटदारानंच दुरुस्त करायच्या मुदतीत, मीच तिथं दरवर्षी ट्रॉल्या नेत बसले असते. पण खरी काळजी वेगळी होती. पुरात गावाला बाहेर पडायला तोच एक रस्ता.

खालची माती तपासायला बोअर घ्यायचं ठरवलं. निविदेत ती बाब नव्हती, खर्च आपला. आठ-आठ मीटरचे दोन बोअर आणि प्रयोगशाळेच्या चाचण्या मिळून ४६ हजार. अण्णा त्या रात्री नीट जेवले नाहीत. २१ मार्चला अहवाल आला: वर सव्वा मीटर वाळलेली काळी माती, खाली साडेचार मीटर मऊ चिकणमाती, मग मुरूम आणि खडक. ज्यांनी मला कॉलेजात शिकवलं ते सर निवृत्त होऊन सांगलीतच राहतात. त्यांच्या ओट्यावर बसून हिशेब केला. जुन्या भरावाचं वजन चौरस मीटरला साधारण ३.७ टन. नवी उंची मुरमानं गाठली तर ते ६.३ टनांवर जातं. जुना मुरूम अर्धा मीटर ठेवून बाकीचा काढला आणि त्या जागी हलकं काही भरलं, तर ते पाचच्या आत राहतं. वाढीव वजन निम्मं. रस्त्याच्या मध्यभागी पुढचं खचणं सात-आठ सेंटिमीटरवरून चारवर येत होतं.

सर म्हणाले, "तोल सांभाळायचाय, एवढंच. पण हलकं म्हणजे पाण्यावर तरंगणारं नको. तू पूररेषेत आहेस."

हे वाक्य मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढचे चार महिने त्यातच गेले.

पहिला पर्याय म्हणजे साखर कारखान्याच्या बॉयलरची राख. आमच्याकडं चहूबाजूंनी कारखाने, राख जवळ आणि जवळजवळ फुकट. गावात सगळ्यांनी हेच सुचवलं. एप्रिलमध्ये दोन ढिगांतून चार पोती आणली. एक मूठ पाण्याच्या काचेच्या भांड्यात टाकली तर काळे, न जळलेले कण वर तरंगत राहिले. प्रयोगशाळेतही दोन ढिगांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, कसा जळला यावर राख बदलते. शेतात खत म्हणून किंवा विटांत ती चालेल, पण तीन मीटरच्या भरावात प्रत्येक खेपेला वेगळा माल घ्यायची माझी हिंमत झाली नाही. या चाचण्यांचे ६,५०० रुपये गेले, पण ते वाया गेले असं मला वाटत नाही.

थर्माकोलचे ठोकळे वापरतात हे वाचलं होतं. नॉर्वेत १९७२ मध्ये, ऑस्लोजवळ, अशाच एका पुलाच्या खचणाऱ्या जोडरस्त्यात ते पहिल्यांदा घातले. त्यांचं वजन घनमीटरला वीस किलोच्या आसपास, म्हणजे मातीच्या शंभराव्या भागाएवढं. पण पुराचं पाणी चढलं की तोच ठोकळा घनमीटरला जवळपास ९८० किलोच्या जोरानं वर उचलला जातो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या ओढ्यात ती सगळी फुगवटी मागं येते. तो विचार तिथंच सोडला. काचेच्या भंगारापासून केलेले हलके फेसाळ खडे तिकडं भरावात घालतात, पण ते इथं आणायचे कुठून?

जुन्या टायरचे तुकडे मात्र मनात बरेच दिवस घोळत होते. रबर पाण्यात बुडतं, तरंगत नाही. वजन मातीच्या निम्म्याहून कमी. मग अमेरिकेतली हकिकत वाचली. १९९५ मध्ये वॉशिंग्टन राज्यात दोन भराव आणि कोलोरॅडोत एक संरक्षक भिंत आतून तापून पेटली. तिन्ही ठिकाणी टायरचा थर आठ मीटरच्या आसपास किंवा जास्त जाड होता. त्यानंतर एका थराला तीन मीटरची मर्यादा घातली गेली. आमचा भराव त्या मर्यादेत बसला असता. पण एका मापाचे, तारा काढलेले तुकडे एवढ्या प्रमाणात देणारा कुणी सापडला नाही, आणि आटोपशीर दर तर नाहीच.

उरली औष्णिक वीज केंद्राची राख. तिच्यासाठी आपल्याकडं नियमपुस्तक आहे: इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५८, २००१ चं. दबलेल्या राखेची कोरडी घनता घनमीटरला ०.९ ते १.६ टनांच्या दरम्यान असते, आणि कण मात्र पाण्यापेक्षा जड. आमच्या नमुन्याची घनता १.१० आली, विशिष्ट गुरुत्व २.१, म्हणजे कण पाण्याच्या २.१ पट जड. ओली, दाबलेली राख घनमीटरला १.३५ टन, मुरूम दोन टन. हलकी, तरी बुडणारी. मला हवं होतं तेच.

कागदपत्रांचा भाग मी सविस्तर लिहिते, कारण लोक तिथंच सोडून देतात. माझीही तीनदा इच्छा झाली होती.

आपल्या जिल्हा दरसूचीत नेमकी ही बाब नसली की ईआयआरएल करावं लागतं, म्हणजे नव्या बाबीचा दर ठरवून मंजूर करून घ्यायचा. १४ ऑगस्ट २०२३ ला प्रस्ताव दिला. शाखा अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, आणि तीच वाट परत. पहिली त्रुटी महिन्यानं आली: दर पृथक्करण, म्हणजे दर कसा निघाला त्याचा तपशील, अपुरं. दुसरी ऑक्टोबरात: पूररेषेत राख वाहून जाईल, त्याचं काय? प्रश्न अगदी रास्त होता. मी उत्तरात दिल्लीच्या दुसऱ्या निजामुद्दीन पुलाच्या जोडरस्त्याचा दाखला दिला. यमुनेच्या पूरक्षेत्रातच १.८ किलोमीटर लांब, सहा ते नऊ मीटर उंच भराव, आणि त्यात वीज केंद्राच्या राखतळ्यात साठलेली दीड लाख घनमीटर राख. बाजूंना मातीचं आवरण आणि दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड. त्याच पद्धतीचा आमचा छेद काढून जोडला. उपअभियंता साहेबांनी तो नकाशा टेबलावर पसरून अर्धा तास प्रश्न विचारले. मंजुरी मिळणार हे मला त्या दिवशीच कळलं. प्रत्यक्ष कागद ५ जानेवारी २०२४ ला हातात आला. १४४ दिवस.

दरम्यान राखेसाठी पत्रं. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार औष्णिक वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्त्याच्या भरावात राख वापरणं बंधनकारक आहे. पण त्यासाठी वीज केंद्रानं ती कामावर मोफत पोचवली पाहिजे, वाहतूकही त्यांच्या खर्चानं. ६ जून २०२३ ला मी माझ्या लेटरहेडवर पहिलं पत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसऱ्या पत्राला आलेल्या उत्तरात मागणी फार कमी असल्याचं म्हटलं होतं. तिसऱ्यात मी अधिसूचनेचं कलम जोडलं. चौथं १८ डिसेंबरला कार्यकारी अभियंत्यांच्या सहीनं गेलं आणि २९ जानेवारीला मान्यता आली. पहिलंच पत्र खात्याच्या नावानं गेलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते. कंत्राटदारानं राख मागणं आणि खात्यानं मागणं यात फार फरक पडतो. पत्रात घनमीटर लिहू नका, टन लिहा. आणि राख किती ओली घेणार ते आधीच ठरवा, नाहीतर गाडीभर पाणीच येतं. वाहतूक आपल्या अंगावर आली असती तर दोनशे किलोमीटरला टनामागं सहाशेच्या पुढं गेली असती. तेवढ्यात दुप्पट मुरूम आला असता, ब्रासमागं ६०० रुपये स्वामित्वधन भरूनसुद्धा.

भराव सुरू करण्याआधी शेजारच्या दोन विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासून घेतले. चाचणीला ३,२०० रुपये. राखेत जड धातू असतात, उद्या कुणाची म्हैस आजारी पडली तर बोट आपल्याकडंच येणार. आणि बोटाचं सोडा, त्या विहिरीचं पाणी लोक पितात. आधीचा अहवाल नसेल तर नंतरच्या अहवालाला अर्थ राहत नाही.

९ फेब्रुवारीला जुना मुरूम काढायला घेतला. तो टाकून दिला नाही, साइडपट्ट्यांसाठी बाजूला रचला. तळाला ठेवायच्या अर्ध्या मीटरमध्ये माती फार निघाली. अशा मातीतून पाणी वातीसारखं वर चढून राखेत शिरतं, म्हणून वरचे वीस सेंटिमीटर काढून तिथं खडीचा थर दिला. त्यावर तीन लोखंडी प्लेटा ठेवल्या, प्रत्येकीवर उभा पाइप. भराव चढेल तसा पाइप वाढवायचा आणि लेव्हल मशीननं टोकाची उंची मोजायची. खचतंय किती ते असं कळतं. लोहारानं तिन्ही ४,८०० रुपयांत करून दिल्या. जोडरस्त्याचं काम करणाऱ्या प्रत्येकानं हे करावं, मग भराव कशाचाही असो.

१२ फेब्रुवारीला पहिली गाडी आली. एकूण ९४ खेपा, साधारण २,८०० टन. पहिल्याच आठवड्यात गावातल्या बायका माझ्याकडं आल्या. धुणं काळं होतंय, पोरं खोकतायत. ताडपत्री होती, पण बांधलेली सैल, आणि गाडी रिकामी करताना ढग उठायचा. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या रस्त्यावर टँकर फिरवला, गाड्या शाळा सुटायच्या वेळी थांबवल्या आणि आलेला ढीग लगेच ओला करायला दोन माणसं ठेवली. टँकरचे ४१ हजार कुठल्याच बाबीत बसले नाहीत. तुमच्या दर पृथक्करणात पाणी मारण्याचा खर्च धरा, मी धरला नव्हता.

राख दाबणं मुरमासारखं नाही. आमचा रोलरवाला वीस वर्षांचा अनुभवी, पण पहिले दोन दिवस वैतागला. कोरडी असली की ती चाकापुढं पिठासारखी पळते. जास्त ओली झाली की पाय ठेवल्यावर सगळा थर हलतो. आमच्या राखेला २९ टक्के पाणी योग्य होतं, आणि ते सकाळी अकरानंतर टिकेना, ऊन ओढून घ्यायचं. म्हणून सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पुन्हा, असं काम लावलं. वीस-बावीस सेंटिमीटरचा सैल थर, आधी व्हायब्रेशन न लावता एक फेरी, मग दहा टनी रोलरनं व्हायब्रेशनच्या फेऱ्या. बाजूंचं दोन मीटर रुंद मातीचं आवरण राखेच्या थराबरोबरच चढवायचं. आधी राख आणि मागनं माती केली की सांध्यात घळ पडते. प्रत्येक थराची घनता तपासली, प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांच्या खाली आला तर परत पाणी, परत रोलर. असे चार थर उलगडून पुन्हा केले.

तिसऱ्या आठवड्यात अण्णा साइटवर आले. आल्यापासून काही बोलले नव्हते. गावात "राखेचा रस्ता" म्हणून चर्चा चालली होती आणि ती त्यांना लागत होती, हे मला माहीत होतं. आयुष्यभर मुरूम हातात चुरून पारखलेला माणूस. त्यांनी दाबलेल्या थरावर टाच आपटली, मग पहार मागवली. पहार दोन इंच जाऊन थांबली. "आसं दबतंय व्हय," म्हणाले आणि टँकरवाल्याला पाणी कुठं कमी पडलंय ते दाखवायला गेले. त्या दिवसापासून पाण्याचं काम त्यांच्याकडं.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. सुरू असलेल्या कामाला तिची अडचण नसते, पण ईआयआरएलची मंजुरी तोवर हातात नसती तर जूनपर्यंत बसावं लागलं असतं. खरी अडचण वेगळी झाली. शाखा अभियंता निवडणुकीच्या कामाला गेले आणि मोजमाप पुस्तिकेत नोंदी थांबल्या. सांगलीचं मतदान ७ मेला झालं, नोंदी १० मेला, बिल २८ जूनला. तोवर डिझेल आणि मजुरी आईच्या पाटल्यांवर काढलेल्या कर्जातून गेली. अशा कामाला किमान चार महिने पुरेल एवढी रोख वेगळी ठेवा.

१२ एप्रिलला वळीव आला. वरचा थर उघडा होता. आमच्याकडं ताडपत्र्या होत्या त्या चाळीस मीटरला पुरल्या. बाकीच्या भागातून राखेचे ओघळ शेजारच्या उसात उतरले. शेतकऱ्यानं भांडण केलं नाही, फक्त "ताई, एवढं काढून घ्या" म्हणाला. चार मजूर दोन दिवस सरीतनं राख गोळा करत होते. उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी थर उघडा ठेवून घरी जायचं नाही, वरून दहा सेंटिमीटर मुरूम पसरूनच जायचं. थर उघडा ठेवू नये हे नियमपुस्तकातही आहे. मी ते वाचलं होतं आणि आभाळ निरभ्र बघून सोडून दिलं होतं.

२० एप्रिलला भराव पूर्ण झाला. मे महिन्यात खडीकरण आणि पिचिंग. डांबर मात्र मुद्दाम मागं ठेवलं. एक पावसाळा भरावाला बसू द्यावा, जे खचायचं ते खचू द्यावं, असं सरांनी सांगितलं होतं. खात्यानंही लेखी मान्य केलं.

जुलैच्या अखेरीस वारणा आणि कृष्णा दोन्ही पात्राबाहेर आल्या. ओढ्याला फुगवटी आली, भरावाला तीन-चार फूट पाणी लागलं आणि चार दिवस राहिलं. मी रोज दोनदा जात होते. तिसऱ्या दिवशी पुलाच्या भिंतीला पिचिंग जिथं मिळतं तिथून करडं पाणी येताना दिसलं. राख निसटत होती. त्या सांध्यात दगडामागं गाळणीचं कापड घालायचं राहिलं होतं, चूक आमची. रात्री गावातली पंधरा पोरं, अण्णा आणि मी, दोनशे पोती वाळू भरून तिथं रचली. त्याच रस्त्यावरून त्या रात्री एका बाळंतिणीची गाडी सांगलीला गेली. गाडीचे मागचे लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत मी पुलावरच उभी होते.

पाणी उतरल्यावर तो कोपरा मीटरभर उकलला. पोकळी पाटीभर होती. कापड घालून, माती दाबून पिचिंग परत केलं, १९ हजार रुपये. बाकी भरावाला काही झालं नाही.

प्लेटांची मापं: भराव संपला तेव्हा १४ मिलिमीटर, जुलैच्या मध्याला २१, पुरानंतर २४, १५ डिसेंबरला २६. हिशेबात ४० होते, म्हणजे अजून थोडं जाईल. पुलाच्या तोंडाशी हाताला लागेल अशी पायरी नाही. विधानसभेची आचारसंहिता संपल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये डांबर झालं. विहिरींचं पाणी पावसाळ्यानंतर पुन्हा तपासलं, आधीच्या अहवालात आणि यात फरक नाही. तरी आणखी दोन वर्षं तपासायचं ठरवलंय.

खिशातून गेलेले आणि परत न मिळालेले पैसे एक लाख ३४ हजार, त्यात बोअर, चाचण्या, टँकर आणि तो कोपरा. अंतिम बिल अजून यायचंय.

पुढचं माप १५ फेब्रुवारीला. अण्णांनी त्यासाठी लेव्हल मशीनची काच पुसून ठेवलीय, आणि मापाची वही आता त्यांच्याच पिशवीत असते.